दासोपंतांची पासोडी आणि ‘अमूर्त’ ही संज्ञा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी जतन केलेली आहे. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाड दुहेरी सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या वस्त्रावर पंतांनी पंचीकरणाचे विवेचन ओव्यांत लिहिले व त्याच्या जोडीला आकृत्याही रेखाटल्या. अमूर्त विषय कापडावर उतरला, तेव्हा आपल्या अमूर्त चित्रकलेचे मूळ येथेच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पंचीकरण हा मिश्रणाचा सिद्धांत आहे. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश स्वतःचा आणि इतर चार भूतांचा प्रत्येकी अष्टमांश. येथे विषय अमूर्त खरा. परंतु आकृती ही तत्त्वाची वाचक आहे, आणि शाईला तर मुळीच स्वातंत्र्य नाही. ती पसरली की अक्षर गेले.

याच्या नेमके उलट जॅक्सन पोलॉकचे. १९४७ पासून तो कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर पातळ रंग ओतू व ठिबकवू लागला. त्यांपैकी काही कृत्रिम राळेपासून बनविलेले, घरे रंगविण्याचे चकचकीत रंग होते. रंगाचा पातळपणा आणि हाताचा वेग यांवर रेषेची जाडी ठरे. ही रेषा कोणत्याही वस्तूची वाचक नाही.

नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची रीत ओतण्याची नव्हे. रोलर व रंगाची सुरी घेऊन ते थर चढवीत आणि उतरवीत. ‘अमूर्त’ हे विशेषण मात्र त्यांना रुचत नसे. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते मानीत. भाषेच्या अंगाने पाहता त्यांचा आक्षेप रास्तच ठरतो. ‘मूर्त’ हे रूप संस्कृत ‘मूर्छ्’ धातूचे; घट्ट होणे, थिजणे, हा त्याचा एक जुना अर्थ. त्या अर्थाने ओतलेली राळ सुकून कडक झाली की ती मूर्तच झाली! (आपल्या समीक्षकांनी हा धातू एकदा तरी कोशात पाहावा.)

तात्पर्य, ‘अमूर्त’ हा शब्द पासोडीच्या विषयाला लागू पडतो आणि पोलॉकच्या कॅनव्हासला केवळ रूढीने. शब्द एक म्हणून परंपरा एक ठरत नाही. पासोडीची नोंद करताना तिला सचित्र हस्तलिखित म्हणावे. तिच्यातील आकृत्या ओव्यांसह वाचावयाच्या आहेत.