काळ्या कातळाचे गणगोत

दिवाळी आली की नगर जिल्ह्यातल्या अंगणाअंगणांत मुले मातीचे किल्ले रचतात. त्या किल्ल्यांना लागणारा दगड काळाच असतो, कारण आमच्याकडे दुसरा दगड सहसा मिळतच नाही. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याचा तट याच दगडाचा. अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, हेही याच कातळाचे. या कातळाचे एक भावंड अरबी समुद्राच्या तळाशी आहे आणि ते अजून वाढते आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या, लाव्हारसाचे लोट थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचे दख्खनचे पठार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर आजही पायऱ्यांसारखे मोजता येतात. त्याच सुमारास, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने घटकाभरातच, आपला भूखंड आणि आजच्या सेशेल्स बेटांची भूमी एकमेकींपासून विलग झाल्या. ज्या फटीतून हा दुरावा वाढत गेला ती अजून मिटलेली नाही. गोव्याच्या नैऋत्येस सुमारे हजार मैलांवर, खोल पाण्याखाली, ती एका डोंगररांगेच्या रूपाने जागी आहे. तिचे नाव कार्ल्सबर्ग रांग.

हे नाव पडले तेही मौजेने. १९२८ ते १९३० या काळात ‘डाना’ नावाचे डॅनिश जहाज जगप्रदक्षिणेला निघाले होते. पाण्यात आवाज सोडायचा, त्याचा प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते पाहायचे आणि त्यावरून खोली काढायची, या युक्तीने त्यांना ही रांग गवसली. सफरीचा भार कार्ल्सबर्ग या बियर गाळणाऱ्या घराण्याच्या निधीने उचलला होता, म्हणून त्याचे नाव रांगेला मिळाले. पुढे १९३३-३४ साली सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्रात हिंडले. या रांगेच्या माथ्यावर मधोमध एक खोल दरी चिरत गेली आहे, हे त्या सफरीत दिसून आले. डोंगराच्या पायथ्याशी दरी असावी. माथ्यावर ती कशी आली? याचे उत्तर मिळायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

त्या उत्तराचा एक धागा आपल्याच कातळात होता. लाव्हारस थिजताना त्यातले लोहमय कण होकायंत्राच्या सुईप्रमाणे त्या काळच्या चुंबकीय दिशेला वळतात आणि तसेच गोठून राहतात. १९५६ साली क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांची ही साक्ष काढली. साक्ष अशी निघाली की, हा लाव्हारस थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती! शिवाय काही थरांतली दिशा आजच्या नेमकी उलटी होती.

दुसरा धागा समुद्रात सापडला. १९६२ साली ड्रमंड मॅथ्यूज यांनी ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून कार्ल्सबर्ग रांगेची चुंबकीय पाहणी केली. केंब्रिजमधला त्यांचा तरुण विद्यार्थी फ्रेड व्हाइन आकडेमोडीला बसला, तेव्हा समुद्राखालच्या दोन डोंगरांपैकी एकाची दिशा सुलटी तर दुसऱ्याची उलटी निघाली. १९६३ साली दोघांनी अर्थ लावला: मधल्या दरीतून नवा लाव्हारस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, पृथ्वीचे चुंबकत्व मधूनमधून उलटते, म्हणून दोन्हीकडे सुलटे-उलटे पट्टे उमटतात. पैठणीच्या दोन्ही काठांना एकच नक्षी असावी तसे हे. भूखंड सरकतात, या कल्पनेला असा आधार मिळाला आणि तो अरबी समुद्राने दिला. कार्ल्सबर्ग रांग आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर उलगडते आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या नखांच्या वाढीच्या चालीने.

अशा रांगांवर वज्रेश्वरीसारखे उन्हाळेही आहेत, पण त्यांची रीत निराळी. समुद्राचे पाणी भेगांतून खाली जाते, तापते, वाटेतल्या खडकातले लोखंड, तांबे, जस्त विरघळवून घेते आणि उसळून बाहेर येते. भोवतालच्या थंडगार पाण्याशी गाठ पडताच ही खनिजे थिजून त्यांची धुराडी उभी राहतात. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ शास्त्रज्ञांनी असे उन्हाळे प्रथम डोळ्यांनी पाहिले, आणि सूर्यकिरण कधीही न पोचणाऱ्या त्या काळोखात जीवांची दाट वस्ती आढळली. त्या जीवांचे अन्न सूर्यावर नव्हे, तर पाण्यातल्या गंधकयुक्त वायूवर जगणाऱ्या जंतूंपासून तयार होते. २००१ साली हिंदी महासागरातल्या अशाच उन्हाळ्यांपाशी एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोखंड व गंधक यांच्या संयुगाचे खवले आहेत, जणू चिलखतच.

आता या कामात आपणही आहोत. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची समुद्र-तंत्रज्ञान संस्था यांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या एका जागत्या उन्हाळ्याचे छायाचित्र मिळवले. २०१६ साली भारताला आंतरराष्ट्रीय करारान्वये महासागरातल्या रांगांवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये या धातूंचा शोध घेण्याचा हक्क मिळाला होता. २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेसाठीही तसाच करार झाला.

शोधाचा हक्क म्हणजे उपशाचा हक्क नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. धातूंची गरज खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. पण त्या चिलखती गोगलगाईची २०१९ सालीच संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत नोंद झाली, आणि तीही समुद्रतळ खणला जाण्याच्या भीतीपोटी. समुद्रमंथनात रत्नांच्या आधी हलाहल वर आले होते, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा त्या धुराड्यांभोवती कोण कोण राहते, कशावर जगते, याची मोजदाद आधी पुरी व्हावी. कुदळ उचलायची की नाही, हा विचार त्यानंतर. आपल्या कातळाने आपल्याला तट दिले, पायऱ्या दिल्या, काळी कसदार माती दिली. पण हे सारे तो निवाल्यावर. त्याच्या धाकट्या भावंडाची ऊब अजून उतरलेली नाही, आणि त्या उबेवर कितीतरी जीवांचे पोट आहे.