टांकसाळीचं दार

बिटकॉइनच्या २००९ सालच्या मूळ प्रोग्रॅममध्ये नवी नाणी किती द्यायची हे ठरवणारा एक छोटासा तुकडा आहे. त्या नाण्यांना तिथे नाव दिलंय ‘सबसिडी’. आणि ती मिळवणारा? ‘मायनर’. हे दोन शब्द शेजारी वाचले आणि मी अडखळलो. खाणीत उतरणाऱ्याला जे मिळतं ते जमिनीतून. त्याला अनुदान कोण देणार? तो धागा धरून निघालो आणि थेट मुंबईच्या टांकसाळीच्या दाराशी पोचलो.

‘मायनर’चा उगम सगळेच सातोशी नाकामोतोच्या ऑक्टोबर २००८ च्या निबंधात दाखवतात, आणि सोन्याच्या खाणकामगारांची उपमा तिथे आहेही. पण त्या निबंधात नव्या नाण्यांची भर कायम सारखीच पडते. निम्मं होण्याचा उल्लेखच नाही. २ कोटी १० लाखांची मर्यादा आणि दर चार वर्षांनी निम्मं हा नियम आला जानेवारी २००९ मध्ये, प्रोग्रॅमबरोबर. पुढे दर ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्यामागे, ५० चे २५, मग १२.५, ६.२५ आणि २०२४ मध्ये ३.१२५.

मला ती उपमाच लंगडी वाटते. सोनं महागलं की जास्त खणलं जातं. बिटकॉइन महागलं, हजारो नवी यंत्रं आली, तरी दर २,०१६ ब्लॉकनंतर मायनरांनी सोडवायचं कोडं तेवढंच अवघड होतं आणि नाणी ठरल्या वेगानेच पडतात. असं बंधन डोंगर घालत नाही, टांकसाळ घालते.

१८९३ पर्यंत आपल्याकडे कुणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. १८७० नंतर चांदी गडगडली, दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया घसरत चालला. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ ला टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. उद्देश उघड होता: नाणी कमी पाडा, रुपया सावरेल. लगेच सावरला नाही. आधी सुमारे १३ पेन्सांपर्यंत खाली गेला, आणि १८९८ च्या सुमारास ठरवलेल्या १६ पेन्सांवर आला. नाण्याचा बाजारभाव राखण्यासाठी नवी नाणी आवळण्याची याहून नेमकी पूर्वकथा मला सापडलेली नाही.

पण दार सरकारसाठी उघडंच होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. अर्थतज्ज्ञ केन्स ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेत होता तिच्यात रुपये किती पाडायचे हे शेवटी सरकारच्या मर्जीवर, असा त्यांचा आक्षेप. टांकसाळ जशी लोकांना बंद, तशीच सरकारलाही बंद करा, ही त्यांची मागणी. त्यांना रुपयाची खरेदीशक्ती स्थिर हवी होती, भाव चढवायचा नव्हता. हा फरक मोठा आहे. तरी चालकाचेच हात बांधण्याची कल्पना तीच. सातोशीने हे पुस्तक वाचलं असेल असं मी म्हणत नाही. नातं मी विचाराचं मानतो.

शब्दही माझ्या बाजूने साक्ष देतो. टांकसाळ म्हणजे टंकशाला. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडायची छिन्नी, आणि ‘टंक’ म्हणजे नाणंही. पाथरवटाची टाकी त्याच कुळातली. देव्हाऱ्यातले ठोकून उठवलेले टाकही तिथलेच असावेत. मध्य आशियातल्या नाण्याचं ‘तेंगे’ हे नाव काही अभ्यासक तुर्की ‘तमगा’कडे, म्हणजे शिक्क्याकडे, नेतात. मला छिन्नीच पटते: आधी हत्यार, मग त्याचा घाव, मग घाव बसलेला तुकडा. खाणीचं अवजार आणि टांकसाळीचा माल या एका शब्दात एकत्र राहतात.

हर्शेलची वाट धरली ती बिटकॉइनने नव्हे, इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने. ब्लॉकमागे ५ नाणी होती, ऑक्टोबर २०१७ मध्ये ३ झाली. २०१८ मध्ये भाव कोसळलेला असताना पुढचा आकडा किती, यावर वाद पेटला. गुंतवणूकदारांना कपात हवी होती, मायनरांचा विरोध होता. कुणी १ म्हणालं, कुणी ३. ठरले २, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते लागू झाले. कपात कधी आणि किती, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. दर वेळी माणसं बसून ठरवत होती.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच थांबवलं. मायनरांची गत तेव्हा १८९३ च्या चांदीवाल्यांसारखी झाली: माल हातात, दार बंद.