उंच नाकाची जीप

गावाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं गढीपासून सुरुवात करतात. वाघोलीचंही तसंच. सरदार पिलाजीराव जाधवरावांचं नाव, वाघेश्वराचं देऊळ, शेजारचं तळं. हे सगळं खरंच आहे. पण मला विचाराल तर आमच्या गावाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाकांवरनं सांगता येतो. नगर रस्त्यानं आधी बैलगाड्या गेल्या. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी सुटली ती पुणे–अहमदनगर मार्गावर, म्हणजे आमच्या दारावरनंच. मग खाणींचा दगड आणि खडी वाहणारे ट्रक आले. आणि या सगळ्यांच्या मधल्या काळात, एसटी जिथं जात नव्हती आणि बैलगाडीला जिथं रात्र व्हायची, तिथं जीप गेली.

आमच्या घरी अशी एक जीप आहे. महिंद्राची, पेट्रोलची, १९६६ साली नोंदलेली. वीस वर्षं ती गोठ्यामागच्या चिंचेखाली उभी होती. ती आम्ही अंगणातच परत उभी केली. ती कशी केली हे सांगायचं तर ती कुठनं आली हे आधी सांगायला पाहिजे.

जीप ही लढाईची लेक. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी पाहिजे होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीनं ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना करून दिला. पण लाखांनी गाड्या काढायची ऐपत तिच्याकडं नव्हती. ते काम विलिस आणि फोर्ड यांनी केलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. सुमारे २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन आणि चार माणसांनी धरलं तर चिखलातनं उचलता येईल असं अंग.

आपल्याकडं १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि गुलाम महंमद यांनी ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. मुंबईत विलिसच्या जीपांचे सुटे भाग आणून जोडायचं काम सुरू झालं आणि पुढं हळूहळू भागही इथंच बनू लागले. विलिसनं १९५३ मध्ये नवं इंजिन आणलं. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावं म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. तीच आपली उंच नाकाची जीप. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडं तोच साचा पुढं कितीतरी वर्षं चालला. म्हणून तर आज ६० वर्षं जुन्या जीपचा पत्रा मिळतो, आणि तेवढ्याच वयाच्या परदेशी मोटारीचा दिवासुद्धा मिळत नाही.

खेड्यात जीप आली ती मात्र मोटार म्हणून नव्हे, सरकार म्हणून. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली, आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या. बीडीओ साहेब जीपमधनं यायचे. हिवतापाची फवारणी, देवीची लस, लाल त्रिकोणाचा भोंगा, निवडणुकीचा प्रचार, सगळं जीपमधनं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका लांबनं धूळ दिसली की म्हणायच्या, “आली गं जीप, हजेरी घ्यायची आता.” लहान पोरांना ‘जीप’ आणि ‘साहेब’ हे एकच वाटायचं.

आमची जीपही अशीच सरकारी. लिलावात निघाली तेव्हा, १९७८ साली, माझ्या आजोबांनी घेतली. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. दोन बैल विकले आणि वर सोसायटीचं कर्ज काढलं. आजी बरेच दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं साधं होतं, “बैलाला चारा लागतो, तो रानात येतो. ह्याला तेल लागतं, ते कुठनं येणार?” आणि तिचं खरंच निघालं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले ते उतरले नाहीत, आणि ही बया लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर जायची नाही. १९८४ साली बाबांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. त्या काळात गावोगावी हेच चाललं होतं. कुठं ट्रॅक्टरचं, कुठं आणखी कशाचं, जे बसेल ते इंजिन. त्यासाठी बैठका कापल्या, मागं दोन लांब बाकं टाकली, पुढं जाड नळीचा बंपर, मागं ट्रॉलीचा हूक.

त्या रूपात जीपनं आमचं घर चालवलं. पहाटे कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन गुलटेकडीला, दुपारी खाणीवर माणसं, संध्याकाळी कुणाची बाळंतीण ससूनला. माझ्या दोन आत्यांची लग्नं तिच्यातनं गेली आणि बाबांची राखही तिच्यातनंच आळंदीला गेली. १९९९ साली गिअरबॉक्स फुटला. तोवर घरात दुसरी गाडी आली होती. जीप चिंचेखाली गेली ती गेलीच.

पुढच्या वीस वर्षांत गाव पालटलं. खराडीला कंपन्या आल्या, त्यांच्या मागनं वाघोलीत इमारती आल्या. आमचं नगर रस्त्याकडचं रान गेलं. पैसे आले, रान गेलं, त्यात नवल नाही, निम्म्या गावाचं तेच झालं. राहिलं ते घर, अंगण, चिंच आणि खालची जीप. भंगारवाला वर्षातनं दोनदा विचारून जायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला दर वेळी चहा पाजायचे आणि परत पाठवायचे.

२०२० च्या मार्चात सगळं बंद झालं आणि आम्ही घरात अडकलो. आण्णा म्हणाले, “बसून काय करायचं? तिला खोल.” तिथनं सुरुवात.

पहिले दोन महिने नुसतं खोलणं. गंजलेल्या बोल्टांवर रात्री रॉकेल-तेल सोडायचं, सकाळी पान्याला नळी लावून जोर करायचा. हटला नाही तर गॅसनं तापवायचा. प्रत्येक भाग काढला की त्याला तारेनं चिठ्ठी. खालचा पत्रा तर चाळणी झाला होता. अंगाला खालनं जे आडवे आधार असतात त्यात माती साठते, माती ओल धरते आणि पत्रा आतनं खाल्ला जातो. जुन्या जीपा मरतात त्या इंजिनानं नाही, या मातीनं. चॅसी मात्र शाबूत होती. तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साईड मारला तेव्हा चॅसीवरचा नंबर वर आला. पेन्सिलीनं कागदावर त्याचा छाप उतरवून घेतला आणि आण्णांनी आरसी बुकाशी एकेक आकडा लावून बघितला.

इंजिनाचं काम चाचांनी केलं. चाचा नगर रस्त्यावरचे जुने मिस्त्री, वय पंचाहत्तर. १९८४ साली पेट्रोल इंजिन उतरवलं ते त्यांनीच. तेव्हा त्यांनी बाबांना सांगितलं होतं, “शेठ, भंगारात घालू नका. प्लगच्या भोकात तेल सोडून, चिंध्या कोंबून, ग्रीस थापून ठेवा.” बाबांनी ते पोत्यात गुंडाळून माळ्याखाली ठेवलं होतं. ३६ वर्षांनी पोतं सोडलं तेव्हा क्रँक दोन्ही हातांनी फिरला. चाचा काही बोलले नाहीत. खाली बसले आणि बिडी पेटवली.

सिलिंडरला बोरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा. व्हॉल्व्ह घासून बसवले. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर नाना पेठेत मिळालं. स्टीअरिंगचे दोन भाग जुन्या बाजारात, रविवारी, तराजूवर विकायच्या ढिगात सापडले. कमानपाटे सुटे करून, घासून, ग्रॅफाईट लावून परत बांधले. साखळी-कप्पी चिंचेच्या फांदीलाच अडकवली होती. इंजिन खाली उतरवताना सगळी गल्ली मास्क लावून बघायला उभी.

खरा पेच पुढं आला. २०२१ साली दोन गोष्टी मागोमाग घडल्या. ३० जूनला वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत गेली. आणि जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांचा नियम आणला. ५० वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी-सांगाडा-इंजिन यात फेरफार नसलेली गाडी ‘विंटेज’. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. म्हणजे एकाच पावसाळ्यात आमचं गाव शहर झालं आणि आमची जीप पुराणवस्तू व्हायच्या लायक झाली.

एक संग्राहक येऊन बघून गेले. भला माणूस. रक्कम मोठी सांगितली. फक्त म्हणाले, मागची बाकं, हूक, तो बंपर काढा, डाव्या अंगाची वेल्डिंगची ठिगळं कापून नवा पत्रा घाला, कारखान्यातनं निघाली तशी करा. मला पटत होतं. जुनी वस्तू राखायची तर मुळासारखी राखावी. मी आण्णांना तसं म्हटलं.

आण्णा म्हणाले, “कारखान्यातनं निघाली तवा ती आपली कुठं हुती? सायबाची हुती. आपली झाली ती ह्या बाकांनी. त्यावर तुझ्या आत्या बसल्या.”

“पण आण्णा, नियमानं—”

“नियम बराबर हाय त्यांचा. पर रस्त्यावर यायचं न्हाई म्हंजे मग ती जीप न्हवं, शोभेचा नंदी.”

त्यावर आमची आठवडाभर वादावादी चालली. मला पैशाची गरज नव्हती असं नाही. पण विचार करता करता ध्यानात आलं की ‘मूळ रूप’ या शब्दात एक साल आधीच धरलेलं असतं. १९६६ हे मूळ, की १९७८, की १९८४? कारखान्याच्या दृष्टीनं जी खराबी, ती आमच्या दृष्टीनं हकीकत होती. डाव्या अंगाचं ठिगळ हे खाणीच्या उतारावर ट्रकनं घासल्याचं. हुकाशेजारचा पोचा ऊस ओढताना ट्रॉली आदळल्याचा. पुस्तकात सापडणार नाही असा वाघोलीचा इतिहास त्या पत्र्यावर होता आणि तो ग्राइंडरनं पाच मिनिटांत गेला असता. दुसऱ्या बाजूनं, खोटेपणाही नको होता. गंज हा काही इतिहास नव्हे, तो काढलाच पाहिजे.

शेवटी आम्ही असं ठरवलं. ज्यावर जीव अवलंबून आहे ते सगळं नवं: ब्रेकचं मास्टर सिलिंडर, पाइप, वायरिंग, टायर. इंजिन तिचंच, पेट्रोलचं. खालचा कुजलेला पत्रा बदलला. बाकं, हूक, बंपर आणि ठिगळं राहिली, फक्त घासून रंगवली. ‘व्हीए’साठी अर्ज केला नाही. इंजिन परत बदलल्याची नोंद केली, तपासणी करून घेतली आणि साध्या गाडीसारखं नूतनीकरण केलं. नंबर जुनाच, तीन अक्षरांचा.

आता ती आठवड्यातनं दोनदा निघते. उरलेल्या दीड एकरात चाऱ्याला जाते, येताना पेंढ्या घेऊन येते. महाशिवरात्रीला वाघेश्वराला म्हाताऱ्या माणसांच्या दोन खेपा करते. सोसायट्यांमधली पोरं फोटो काढतात, कुणी विचारतं, “काका, ही विंटेज का?” मी म्हणतो, “कामावर आहे अजून.”

कामाबरोबर आम्ही एक वही केली आहे. शंभर पानी, रेघांची. डाव्या बाजूला भाग, मध्ये तो कुठनं आला, उजवीकडं साल आणि कुणी बसवला. ‘क्रँक – मूळचा, १९६६.’ ‘मागची बाकं – १९८४, बाबा.’ ‘खालचा पत्रा – २०२०, आम्ही.’ नवं काय आणि जुनं काय हे लपवायचं नाही, एवढाच त्यातला नियम. चाचा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या हातची कामं त्या वहीत तेवीस ओळी आहेत. आण्णांनी त्या स्वतःच्या अक्षरात पुन्हा एकदा नीट उतरवून काढल्या.