संत अंतोनीचा अग्नी

संत अंतोनी म्हटले, की बाळ येशूला हाती घेतलेले पादुआचे संत आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मध्ययुगीन युरोपातील रोगी मात्र ज्या अंतोनींचा धावा करीत, ते त्यांच्या कित्येक शतके आधीचे, इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी. एक भयंकर व्याधी त्यांच्या नावाने ओळखली जाई. हातापायांत निखारे ठेवल्यासारखा दाह होई. मग ते अवयव काळे पडत, वाळत आणि अखेर गळून जात. ऱ्हाईन नदीच्या परिसरात इ. स. ८५७ मध्ये अशी साथ आल्याची नोंद झांटेनच्या बखरीत आहे. लोक तिला दैवी कोप समजत.

फ्रान्सच्या दोफिने प्रांतात या संतांचे पवित्र अवशेष होते. तेथे इ. स. १०९५ च्या सुमारास अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठी एक बंधुसंघ उभा राहिला. तोच पुढे अंतोनी व्रतस्थ संघ झाला आणि त्याची रुग्णालये युरोपभर पसरली. बंधू रोग्यांना आसरा देत, जखमांना लेप लावीत आणि गव्हाची चांगली भाकरी खाऊ घालीत. त्यांची घंटा बांधलेली डुकरे गावात मोकाट चरत. संतांच्या चित्रांत आजही डुक्कर दिसते ते बहुधा त्यामुळेच. आल्सासमधील इझेनहाइम येथील त्यांच्या मठासाठी माथियास ग्र्यूनेवाल्ड याने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात वेदीचित्रे रंगविली. त्यांतील क्रुसावरच्या ख्रिस्ताचे शरीर व्रणांनी भरलेले आहे. आपल्या वेदना प्रभूने अंगावर घेतल्या आहेत, हे रोग्याला वेगळे सांगावे लागत नसे. ही चित्रे आता कोलमारच्या संग्रहालयात आहेत.

या अग्नीचे मूळ शेतात होते. राय हे थंड, हलक्या जमिनीत येणारे गरिबांचे धान्य. त्याच्या कणसात अरगट नावाची बुरशी वाढते आणि दाण्याच्या जागी जांभळट काळे शिंग येते. ते शिंग जमिनीवर पडून हिवाळा काढते. थंडी लागल्याखेरीज ते रुजत नाही. वसंतात ओल मिळाली, की त्यातून सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर उडतात. नेमकी त्याच वेळी राय फुलोऱ्यात असते. हवा गार व पावसाळी असली, तर परागीभवन लांबते, फुले अधिक काळ उघडी राहतात आणि परागाच्या वाटेने बुरशी आत शिरते. पुढे कणसातून गोड, चिकट रस पाझरतो. कीटक आणि पावसाचे थेंब तो रोग कणसाकणसांत पोहोचवितात. कडक हिवाळ्यामागून ओला वसंत आला, की साथीची तयारी शेतातच होत असे. अशाच वर्षी पीकही कमी येई आणि भुकेलेली माणसे हाती येईल ते धान्य न निवडता दळीत. त्यातील विषाने रक्तवाहिन्या आकसत. अवयव रक्तावाचून मरत.

दनी दोदार या वैद्याने १६७६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे या काळ्या दाण्यांवर बोट ठेवले. बुरशीचे जीवनचक्र मात्र लुई रने त्युलान याने १८५३ मध्ये उलगडले. दरम्यान, १७७७ मध्ये अंतोनी संघ माल्टाच्या संघात विलीनही झाला होता.

आपल्या बाजरीवरही अरगट पडतो. ती बुरशी निराळ्या जातीची. तिच्याने हातपाय झडत नाहीत, पण उलट्या, गुंगी, चक्कर येते. निसवण्याच्या वेळी आभाळ भरून राहिले आणि रिमझिम लागली, की कणसांतून चिकट रस गळू लागतो. म्हणून पेरणीपूर्वी बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवितात. रोगट दाणे तरंगतात, ते काढून टाकतात. खाली बसलेले धुऊन, वाळवून पेरतात.

अंतोनी बंधूंना बुरशी ठाऊक नव्हती. तरी त्यांच्या दारी आलेल्या रोग्याच्या ताटातून विषारी राय गेली आणि गव्हाची भाकरी आली. ज्याचा अवयव अजून मेला नव्हता, त्याला त्यामुळेच उतार पडू शकत होता. त्याला तो संतांचा प्रसाद वाटला. आज आपण त्यातला अन्नाचा वाटा ओळखतो. पण ज्याला जग देवाच्या कोपाचा धनी समजत होते, त्याच्यापुढे आधी भाकरी ठेवावी, हे त्या बंधूंना कोणत्याही शास्त्राने शिकविले नव्हते. कारण सापडायला पुढे कित्येक शतके लागली. सेवा तोवर थांबली नव्हती.