हृदयाची झडप आणि एक शल्यविशारद

गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर सातवीतल्या एका मुलीची आई दाराशी थांबली आणि म्हणाली, "सर, हिचे गुडघे दुखतात, मध्येच घोटे सुजतात. वाढीचं दुखणं असेल म्हणून मी तेल चोळते." मुलगी शाळेचा जिना चढताना धापा टाकते हे मी पाहिले होते. मी तिला डॉक्टरांकडे न्यावयास सांगितले. तपासणीअंती जे नाव कळले ते म्हणजे रुमॅटिक फीव्हर, म्हणजेच संधिवाताचा ताप.

वाचक बंधुभगिनींनो, स्मरणिकेसाठी माझ्याकडे इतिहासाचा लेख मागितला असताना मी आजाराची हकीकत का सांगत बसलो, असे तुम्हांस वाटेल. परंतु या आजाराच्या मागे आपल्याच देशातील एका शल्यविशारदाचा इतिहास आहे, आणि आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत तो मला कोठे आढळला नाही.

प्रथम आजार समजून घेऊ. मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे सुजतो. दाटीवाटीच्या घरांत तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. घरोघरी मिठाच्या गुळण्या होतात, घसा बरा होतो, सर्वजण विसरतात. काही मुलांमध्ये मात्र जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले बळ स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पुन्हा पूर्ववत होतात, झडपा होत नाहीत. त्या जाड होतात, आखडतात. रक्त पुढे जावयाचे ते अडते किंवा मागे फिरते. झडप फारच बिघडली की ती दुरुस्त करावी लागते किंवा काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवावी लागते.

एके काळी ही कृत्रिम झडप परदेशातूनच आणावी लागे आणि तिची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. शस्त्रक्रिया करणारे हात देशात होते, पण त्या हातांत द्यावयाची वस्तू देशात नव्हती. ही उणीव ज्याला सलली तो मनुष्य म्हणजे डॉ. एम. एस. वलियथन.

त्यांचा जन्म १९३४ साली केरळातील मावेलिकरा येथे झाला. त्रिवेंद्रमच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले, तेथे शल्यशास्त्रातील उच्च परीक्षा दिल्या, पुढे अमेरिकेत हृदयशल्यक्रियेचे शिक्षण घेतले. तेथे त्यांना चार्ल्स हफनागेल यांच्यासोबत काम करावयास मिळाले. हे हफनागेल म्हणजे १९५२ साली माणसाच्या महारोहिणीत प्लॅस्टिकच्या चेंडूची पहिली कृत्रिम झडप बसविणारे सर्जन. झडप ही बाजारातून विकत आणण्याचीच वस्तू नसून सर्जनला ती स्वतः घडविताही येते, हे तेथे जवळून पाहता आले असले पाहिजे.

मायदेशी परतल्यावर मात्र मनाजोगे स्थिर काम लगेच मिळाले नाही. १९७४ साली त्यांना केरळातून बोलावणे आले. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या इमारतीत तिरुवनंतपुरमला एक इस्पितळ उभे करावयाचे होते. तेच पुढे श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट झाले व १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. वलियथन यांचा हट्ट असा की इस्पितळाच्या जोडीला उपकरणे घडविणारी प्रयोगशाळा हवीच. पूजप्पुरा येथील राजघराण्याच्याच जुन्या राजवाड्यात ती सुरू झाली. जेथे राजपरिवार राहिला तेथे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि पशुवैद्य कामाला लागले.

आता झडपेविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरा इतिहास येथेच आहे. विद्यार्थी मित्रांनो, एक हिशेब करा. हृदय मिनिटाला सत्तर वेळा ठोकते असे धरा. दिवसाला एक लाखावर ठोके होतात, वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक, दहा वर्षांत छत्तीस कोटींच्या वर. प्रत्येक ठोक्याला झडपेची चकती एकदा उघडणार आणि एकदा मिटणार. ती झिजता कामा नये, तुटता कामा नये, तिच्यावर रक्ताची गुठळी शक्यतो धरता कामा नये. माणसाच्या छातीत बसविण्यापूर्वी यंत्रावर भराभर उघडझाप करून तिची वर्षांची परीक्षा महिन्यांत घ्यावी लागते, नंतर मेंढ्यांच्या हृदयात बसवून पाहावी लागते.

या कसोटीस पहिले तीन नमुने उतरले नाहीत. कोठे सांधलेल्या जोडाशी धातू तुटला, कोठे भागांची झीज प्रमाणाबाहेर झाली, कोठे प्राण्याच्या शरीरात झडप निकामी ठरली. मध्यंतरी चकतीसाठी कृत्रिम नीलमही वापरून पाहिला, तोही सोडून द्यावा लागला. डॉ. जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते आणि बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील धातूचे जाणकार यांची मदत होती, तरीही वर्षांमागून वर्षे गेली. सरकारी पैशावर चाललेल्या संस्थेत "आणखी किती दिवस?" हा प्रश्न विचारणारे कमी नसतात. अशा वेळी फसलेल्या नमुन्याला फसला म्हणणे आणि पुन्हा पहिल्यापासून मांडणी करणे, याला सर्जनच्या सुरीहून निराळे धैर्य लागते असे मला वाटते.

चौथा नमुना टिकला. कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची चौकट, अतिशय चिवट जातीच्या पॉलिथिलीनची कलती चकती, आणि टाके घालण्यासाठी पॉलिस्टरचे कडे. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. तोपर्यंत सुरुवातीपासून दहा वर्षांवर काळ लोटला होता.

प्रयोगशाळेत चार झडपा होणे निराळे आणि कारखान्यात हजारो एकसारख्या होणे निराळे. वलियथन यांनी स्वतः कारखानदारी केली नाही, मात्र कारखानदाराला शोधून त्याच्या हाती विद्या सोपविण्याचे काम त्यांच्या संस्थेने मनापासून केले. झडपेचे उत्पादन टीटीके उद्योगसमूहाकडे गेले. होय, ज्यांचा प्रेस्टिज कुकर तुमच्या घरी शिट्ट्या देतो तेच हे लोक. एक लाखाहून अधिक चित्रा झडपा आजवर रुग्णांना बसविल्या गेल्या आहेत.

रक्ताच्या पिशवीची कथाही अशीच. पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवीत. बाटल्या फुटत, आणि त्यांतील रक्ताचे निरनिराळे घटक वेगळे करणेही अवघड जाई. चित्रा संस्थेने प्लॅस्टिकची पिशवी तयार केली व तिचा कारखाना सी. बालगोपाल या गृहस्थांनी काढला. चांगली आय.ए.एस.ची नोकरी सोडून हा मनुष्य पिशव्या बनवू लागला! आपल्या घरी असे कोणी केले असते तर वडिलांची काय अवस्था झाली असती, याची कल्पना पालकांनी करावी.

हे सर्व चालू असताना वलियथन शस्त्रक्रियागृहातही उभे राहत होते. केरळच्या किनाऱ्यावरील गरीब मुलांमध्ये हृदयाच्या आतील अस्तर जाड होण्याचा एक रोग आढळे. त्याचा संबंध तेथील मातीत असलेल्या सीरियमसारख्या द्रव्यांशी आणि अन्नातील मॅग्नेशियमच्या कमतरतेशी असावा, असे त्यांनी संशोधनाअंती मांडले. हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही, पण ऑपरेशन करून न थांबता रुग्ण काय खातो आणि कोणत्या जमिनीवर राहतो येथपर्यंत जाणारे सर्जन थोडेच.

उतारवयात त्यांनी चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्यावर इंग्रजीत जाड ग्रंथ लिहिले. २००५ साली पद्मविभूषण मिळाले. जुलै २०२४ मध्ये मणिपाल येथे ते नव्वदाव्या वर्षी वारले.

झडप बसली म्हणजे सर्व संपले असे नाही, हेही पालकांना सांगितले पाहिजे. धातूची झडप असलेल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. म्हणून घसा दुखून ताप आला व काही आठवड्यांनी सांधे सुजू लागले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून मुलाला डॉक्टरांना दाखवा.

आमच्या त्या मुलीच्या झडपेला अद्याप फारशी इजा झालेली नाही. दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ती तारीख मी वर्गाच्या हजेरीपटाच्या कडेला लिहून ठेवतो, आणि त्या दिवशी दुसऱ्या तासाला ती दवाखान्यात जाते. तिची आई आता आठवण करून द्यावी लागू देत नाही.