शाळेचा माउंटन बायकिंग संघ

१. कथेतलं ‘संघात नाव घातलं’ हे वाक्य : अमेरिकेत शाळेच्या अशा संघात यायला निवड चाचणी नसते. कॅलिफोर्नियातील बर्कली हायस्कूलचे गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांच्या पुढाकाराने २००१मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात शालेय लीग सुरू झाली. अशा लीगची राष्ट्रीय संघटना २००९मधली. या संघांत राखीव खेळाडू म्हणून कुणाला बाकावर बसवत नाहीत. बास्केटबॉलच्या निवडीत वगळलेली मुलंही इथे प्रत्यक्ष शर्यतीत उतरतात, आणि या खेळाचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं. मुलामुलींचा संघ एकच असतो, शर्यती मात्र वेगवेगळ्या. सरावाला सोबत करणारे बरेचसे प्रशिक्षक म्हणजे पालकच. कथेच्या नायिकेच्या आईला लागलेली पैशांची काळजी रास्त आहे: डोंगरवाटांवर टिकेल अशी सायकल महाग पडते. काही संघ ती वापरायला देतात.