परड्याचा उतार

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथ चालवून मागल्या वर्षी मोकळा झालो आणि पहिलं मोठं काम काढलं ते घरामागच्या परड्याचं. चाळीस बाय पंचवीसची जागा. गोठा पाडल्यापासून तिथं मोडके पत्रे आणि रुईची झुडपं. लेकीला ‘गार्डन’ हवं होतं, शेजारी म्हणाले पेव्हर ठोकून टाका. मी ठरवलं, गडी लावायचा नाही. कुदळ, पहार, घमेलं आणि आपले दोन हात.

पहिल्याच आठवड्यात कुदळ अडली. दीड फुटाखाली राखेचा थर, खापराचे तुकडे, कौलांचा चुरा, काचेच्या फुटक्या बांगड्या. माती भुरकट. आपल्याकडं शिवाराला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पांढर निसर्गानं दिलेली नसते. चुलीची राख, पावसात बसलेल्या भिंती, शेणामातीचं सारवण असं पिढ्यान्‌पिढ्या साठत गाव आपल्याच पायाखाली चढत जातं. आमच्या गडमुडशिंगीपासून जवळच, कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे, तेही असंच साठलेलं. 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी ते खणलं. त्याच टेकाडात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली. ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. माझ्या परड्यात कसला पोसायडन! एक गंजकी विळी मिळाली, ती आईनं ओळखली.

राख मात्र कचरा म्हणून पडली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र 1715 चं, म्हणजे आपल्या करवीर गादीचंच. त्यात गडावरचा केर जाळून ती राख परसात घालावी आणि घरोघरी भाजीपाला करावा, असं सांगितलंय. आरमारासाठी लाकूड हवं तरी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्यातच. तोफा, दारूगोळा, तटबंदी यांचा विचार करणारा माणूस भाजीच्या वाफ्यापर्यंत येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

तर परडं ही शोभेची जागा कधीच नव्हती. तो घराचा कारखाना होता. आजीच्या वेळचं सांगतो. न्हाणीचं पाणी चरातून आधी अळवाला, मग कर्दळीला, मग केळीला. कोपऱ्यात उकिरडा, मृगाआधी तो गाडीत भरून शेताला जायचा. कुंपणाला शेर, त्याचा चीक डोळ्यात गेला की पोर रात्रभर रडायचं. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, देवापुरती जास्वंद. यात सगळं इथलं मूळचं होतं असंही नाही. मिरची, पेरू, पपई ही अमेरिकेची. पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडं रुळली. झेंडूही तिकडचाच, आणि आता त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. परड्यानं पाहुण्याला कधी जात विचारली नाही. पोटाला किंवा देवाला उपयोगी पडला की घेतला.

मला ठाऊक असलेली नुसती बघायची बाग ही साहेबाच्या अमदानीतली. 1870 च्या दशकात मेजर मँटनं टाऊन हॉल बांधला, भोवती बगीचा झाला. लहानपणी आम्ही तिथं बाकावर बसून भडंग खायचो. ‘गार्डन’ म्हणजे ते, आणि परडं म्हणजे परडं, अशी डोक्यात सरळ वाटणी होती. माझी चूक इथंच झाली. मी परड्यात टाऊन हॉल करायला निघालो होतो.

दोन ब्रास मुरूम आणला, पसरला, धुम्मसानं ठोकला. मधोमध लॉनची चादर. आई दारात बसून बघत होती. एवढंच म्हणाली, “न्हाणीचं पानी कुठं सोडनार हाईस रं?” मी म्हटलं, पाईपनं गटारीला. ती गप्प बसली. पहिला वळवाचा पाऊस आला आणि सगळं पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन उभं राहिलं. लेथवर मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस उतारात सहा इंच चुकला होता. जुना चर होता तो मीच बुजवला होता. तो आजोबांनी उगाच तिरका काढलेला नव्हता.

मग लेव्हल-ट्यूबमध्ये पाणी भरून चारी कोपऱ्यांना खुणा केल्या, सुतळी बांधली आणि निम्मा मुरूम परत उपसला. कंबर आठ दिवस धरली होती. चर पूर्वीच्याच वाटेनं निघाला. लॉन अर्ध्यावर आली. लेक आधी रुसली, मग तिनंच चराकडेला कर्दळ लावली. उपसलेली राखेची माती वाफ्यात घातली.

यंदा गौरीला अळवाची पातळ भाजी झाली, ती परड्यातल्याच पानांची.